झिंगे दुपारी का मरतात?

कुहीकर (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. कुही तालुक्यात माझं अस्तरवालं शेततळं आहे, ‘मागेल त्याला शेततळे’मधलं. कापसाला पाणी म्हणून खोदलं, दोन वर्षं रोहू-कटला केले, गेल्या सप्टेंबरात गोड्या पाण्यातल्या जंबो झिंग्याचं बी सोडलं, ५०००. तळं भरलं की २० लाख लिटर पाणी राहतं. आता एप्रिलात निम्म्यावर आलंय. झिंगे सरासरी २५ ग्रॅमचे झालेत.

गेल्या आठवड्यापासून रोज ८-१० मरून राहिले. ज्याला विचारावं तो म्हणतो ऑक्सिजन कमी पडला. पण ऑक्सिजन कमी पडला तर पहाटे मरतील ना? माझे दुपारी तीन-चारला कडेला येतात, आडवे होतात आणि संपतात. पहाटे टॉर्च घेऊन गेलो तर सगळे ठणठणीत. एरेटर रात्रभर सुरू असतो. परवा खाद्याच्या दुकानदारानं सांगितलं, पाणी खराब झालं, चुना मारा. सकाळी अकराला ५० किलो कळीचा चुना मारला. त्या दिवशी अंधार पडेपर्यंत ६० मेले.

दुपारीच का मरतात, आणि चुन्यानं काय बिघडलं, एवढं कोणी सांगेल का?

सावजी रस्सा
६० × २५ ग्रॅम = दीड किलो. कढई तापवून ठेवतो, पत्ता पाठवा. (ह. घ्या.)

बेसा रोड
उन्हानं, दुसरं काय. एप्रिलचं ऊन माणसाला सहन होऊन नाही राहिलं. वरून हिरवी जाळी टाका.

कुहीकर
बेसा रोड, थर्मामीटर सोडून पाहिला जी. तळाशी ३० अंश. एवढं झिंग्याला चालतं.

गजाली
आधी ते ‘झिंगे’ म्हणणं थांबवा. कोळंबी म्हणा. नोकरीपायी नागपुरात येऊन अकरा वर्षं झाली, अजून कानाला खटकतं.

सावजी रस्सा
तुमची कोळंबी समुद्रात. आमच्या ताटात येते तो झिंगा.

गढूळ पाणी
कुहीकर, चुना मारायच्या आधी धागा काढायला हवा होता. असो.

तेलंगखेडीला मत्स्य विज्ञान शिकले आहे, त्यामुळे थोडं लांबण लावते. तुमचे झिंगे बहुतेक स्वतःच्याच घाणीनं मरत आहेत.

खाद्यातल्या प्रथिनांमधलं जे नत्र अंगी लागत नाही, ते प्रत्येक प्राण्याला बाहेर टाकावं लागतं. आपण त्याचा युरिया करतो, कबुतरं आणि पाली युरिक आम्ल करतात. झिंगा एवढा खटाटोप करत नाही. बहुतेक नत्र तो अमोनियाच्याच रूपात कल्ल्यांतून पाण्यात सोडतो. रक्तात अमोनिया जास्त आणि बाहेर कमी, तोवर हा निचरा आपोआप होतो. पाण्यातच अमोनिया साठला की निचरा मंदावतो, आणि फार साठला की उलटा आत शिरू लागतो. पावसाळ्यात नाला तुंबून न्हाणीतून पाणी वर येतं ना, तसं.

आता तुमचा ‘दुपारी’. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो: एक विद्युतभार असलेला अमोनियम, दुसरा मोकळा अमोनिया. अमोनियम कल्ल्याच्या पडद्यातून सहज पार होत नाही, मोकळा अमोनिया होतो, आणि खरं विष तोच. दोघांचं प्रमाण पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी त्याचं माप, ठरवतो. ३० अंशाच्या पाण्यात पीएच ७.५ असेल तर मोकळा जेमतेम अडीच टक्के. ८ ला साडेसात टक्के. ९ ला जवळजवळ ४५ टक्के! एकूण अमोनिया तेवढाच, विष मात्र अठरापट.

आणि हिरव्या पाण्याचा पीएच दिवसभर एका जागी थांबत नाही. शेवाळं उन्हात कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, पीएच चढत जातो, तीन-चारला सगळ्यात वर. रात्री सगळे श्वास सोडतात, पहाटे तो खाली येतो. म्हणून ऑक्सिजनचे बळी पहाटे आणि अमोनियाचे बळी दुपारी. तुम्ही वेळ लिहून ठेवली हे फार चांगलं केलं, बहुतेक जण नुसतं ‘मेले’ एवढंच सांगतात.

चुन्याचं कोडं मग सुटलंच. कळीचा चुना पीएच झटक्यात वर नेतो, आणि तुम्ही तो मारला तेव्हा पीएच आपणहून चढतच होता.

पाण्याचा रंग कसा आहे? रोज खाद्य किती?

कुहीकर
ताई, रंग मुगाच्या डाळीच्या सालासारखा. खाद्य ७ किलो, ३२ टक्के प्रथिनांचं.

बेसा रोड
माझी जाळी रद्द समजा.

नांगरट
पटलं नाही. माझ्याकडे मौद्याला पाणी तपासायच्या किटमध्ये अमोनिया लिटरमागे ३ मिलिग्रॅम दाखवते, महिन्यापासून. एक झिंगा मेला नाही. हे अमोनियाचं भूत खाद्य आणि औषधं विकणाऱ्यांनी उभं केलंय. ही बाटली घ्या, ती पावडर घ्या.

गढूळ पाणी
पावडरींबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पण किट एकूण अमोनिया दाखवतं. तुमचा दुपारचा पीएच सांगा.

नांगरट
७.६ च्या वर जात नाही. आमचं पाणी तांबूस-गढूळ असते, मातीचं तळं आहे.

गढूळ पाणी
गढूळ पाण्यात शेवाळं वाढत नाही, पीएच चढत नाही. ३ चे तीन टक्के म्हणजे मोकळा अमोनिया ०.०९. तो ०.१ च्या आत ठेवावा असं आम्ही सांगतो, तुम्ही काठावर आहात. पाऊस लांबला, पाणी निवळलं आणि हिरवं झालं की हेच ३ तुम्हाला रडवतील. (माझ्या आयडीचं नाव उगाच नाही.)

मास्तर महालवाले
निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक. गणित आल्याशिवाय राहवत नाही, क्षमस्व.

प्रथिनांचं नत्र काढायला ६.२५ ने भागायचं. १ किलो खाद्यात ३२० ग्रॅम प्रथिने, म्हणजे सुमारे ५१ ग्रॅम नत्र. रोजच्या ७ किलोत ३५८ ग्रॅम. त्यातलं पाव झिंग्याच्या अंगी लागलं असं धरू, उरलं साधारण २७०. तळ्यात आत्ता १० लाख लिटर पाणी. म्हणजे रोज लिटरमागे ०.२७ मिलिग्रॅम नत्राची भर. पाण्यात कोणी ते खाल्लंच नाही तर दहा दिवसांत २.७. तळं भरलेलं असतं तर याच्या निम्मं.

आणि ५००० बी सोडलं म्हणजे आज ५००० झिंगे आहेत असं धरून चाललाय का? पाचातला एक गेला असं धरलं तरी ४०००, २५ ग्रॅमनं १०० किलो. या वजनाला तीन टक्के पुरे, म्हणजे ३ किलो. बाकीचे ४ किलो तुम्ही तळ्याला चारता आहात.

कुहीकर
मास्तर, पिशवीवरच्या तक्त्यात ५००० लावूनच काढलं होतं. वरून घरचा गडी ‘खाऊ द्या बिचाऱ्यांना’ म्हणून दोन ओंजळी जास्तच टाकतो.

सावजी रस्सा
सासुरवाडीला गेलेल्या जावयाचा मृत्यू असाच होतो.

चौकस
गढूळ पाणी, अमोनियानं ‘मरतो’ म्हणजे नेमकं काय होतं? गुदमरतो, की विषबाधा?

गढूळ पाणी
दोन्ही, आणि मरण्याच्या कितीतरी आधीपासून.

गोड्या पाण्यातल्या झिंग्याचं रक्त बाहेरच्या पाण्यापेक्षा बरंच खारट असतं. त्यामुळे क्षार सतत बाहेर झिरपतात आणि पाणी आत घुसतं. ते सांभाळायला कल्ल्यांत सोडियम-पोटॅशियमचा पंप चोवीस तास चालतो. अमोनियमचा कण आकारानं आणि भारानं पोटॅशियमसारखा, तो त्याच्या जागी पंपात घुसतो. आत साठलेला अमोनिया बाहेर ढकलायलाही हाच पंप जादा चालवावा लागतो. म्हणजे प्राणवायू जास्त लागतो, आणि तो घेणाऱ्या कल्ल्यांचे पापुद्रे त्याच वेळी सुजलेले, खराब झालेले. खाल्लेलं वाढीला न जाता या मारामारीत जातं. शेतकरी म्हणतो ‘खातात पण भरत नाहीत’, त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

दुसरं, रक्तपेशी घटतात. झिंग्याला आपल्यासारखी प्रतिकारद्रव्यं नाहीत. जंतू दिसला की या पेशी त्याला गिळतात किंवा त्याच्याभोवती काळा थर चढवून कोंडतात. अमोनियाच्या ताणात पेशी कमी आणि काळा थर चढवणारं विकरही मंद. मग पाण्यात एरवी निमूट राहणारे जिवाणू डोकं वर काढतात. आपण म्हणतो रोग आला. दार आधीच उघडं होतं.

तिसरं, कात. कात टाकली की झिंगा मऊ पडतो, पाणी शोषून फुगतो, क्षारांची देवघेव एकदम वाढते. अमोनियाचा फटका तेव्हा सगळ्यात जास्त बसतो. त्यातून वाचला तरी सुस्त पडतो, आणि बाकीचे त्याला खाऊन टाकतात. कुहीकर, तुम्हाला रोज ८-१० दिसत असतील तर गेलेले त्याहून जास्त असणार.

कुहीकर
हे वाचून पोटात गोळा आला.

बांधावरचा ढिवर
मी भंडाऱ्याकडचा. आमच्या सोसायटीकडे मामा तलाव आहे. शहरातल्यांसाठी सांगतो, मामा म्हणजे माजी मालगुजारी. तिथं झिंगे निघतात, खाद्याचा एक दाणा न टाकता. आजा म्हणायचा, तलावाला पोट असते, ते भरलं की तो ओकतो. तुमच्या प्लास्टिकच्या तळ्याला पोटच नाही.

मास्तर महालवाले
आजोबांना दंडवत. हे रसायनशास्त्रच आहे. तळाच्या गाळात, दगडांवर, बेशरमाच्या बुडख्यांवर जिवाणूंचा थर असतो. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट, आणि नायट्रेट पाणवनस्पती ओढून घेतात. प्लास्टिकवर हा संसार मांडायला जागा कमी.

नांगरट
पण मामा तलावात एकरी किती निघतात तेही सांगा. पोट मोठं आणि खाणारे चार, म्हणून चालते.

बांधावरचा ढिवर
हे खरं आहे भाऊ. त्याच्यावर घर नाही चालत. आणि आमच्याकडे वैनगंगेत पूर्वी देशी झिंगा भरपूर होता, गोदावरीच्या खोऱ्यातला. त्याच्या पिल्लांना समुद्राकडचं मचूळ पाणी लागते, मधे धरणं झाली, चढणं बंद झालं. आता वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणात नाग नदीचं पाणी येते. नागपूर जे धुते ते आम्ही गाळतो. त्यातला अमोनिया कोण मोजते?

बेसा रोड
हे मात्र खरं. नाग नदी कन्हानला, कन्हान वैनगंगेला. आम्ही फ्लश केलं की विषय संपला असं समजतो.

गजाली
अवांतर वाढतंय म्हणत होतो, पण हे अवांतर नाही.

गुळाचा गणपती
कुहीकर, सोपा उपाय: गूळ टाका. बायोफ्लॉकवाले हेच करतात. गोड मिळालं की जिवाणू फोफावतात, अमोनिया अंगात घेतात, आणि ते जिवाणूच झिंगा खातो. एका दगडात दोन पक्षी.

मास्तर महालवाले
१ ग्रॅम अमोनिया-नत्राला साधारण २० ग्रॅम पिष्ट-शर्करा. पाण्यात लिटरमागे २ मिलिग्रॅम असेल तर १० लाख लिटरमध्ये २ किलो नत्र झालं. गूळ ४० किलो.

सावजी रस्सा
संक्रांत गेली हो मास्तर.

गढूळ पाणी
उपाय खरा आहे, या तळ्याला नको. ४० किलो गूळ एकदम पडला की जिवाणू रात्रभर ऑक्सिजन पितील, आणि बायोफ्लॉकमध्ये पाणी चोवीस तास घुसळत असतं तसं इथं नाही. आज दुपारी मरतात, उद्या पहाटे मरतील. करायचंच तर रोज तीन-चार किलो, विरघळवून, सकाळी, आणि एरेटर दिवसाही सुरू.

आत्ता एवढंच करा: दोन दिवस खाद्य बंद (उपाशी झिंगा मरत नाही), पाइपानं तळाचा काळा गाळ ओढून काढा, विहिरीचं पाणी थोडं थोडं घाला, पाचवा हिस्सा बदला. एकदम ओतलंत तर तापमानाचा धक्का बसेल. आणि सकाळी सहा, दुपारी चार, दोन्ही वेळा मोजा.

मौद्याचा भाचा
मी झिओलाइट, ते अमोनिया शोषणारं खनिज, आणून ठेवलंय १० पोती. उपयोग होईल का?

गढूळ पाणी
गोड्या पाण्यात होतो, थोडाफार. खाऱ्या पाण्यात सोडियम त्याच्या जागा अडवतो, तिथं पैसे पाण्यात.

कुहीकर (तीन दिवसांनी)
किट आणलं. आकडे असे:
सकाळी ६: पीएच ७.६, अमोनिया २.
दुपारी ४: पीएच ९.१, अमोनिया २.

मास्तर महालवाले
सकाळी २ पैकी तीन टक्के विष, म्हणजे ०.०६. दुपारी निम्मं, म्हणजे १. एकच तळं, एकच दिवस. मी अजून शिकवत असतो तर हे उदाहरण फळ्यावर लिहिलं असतं.

कुहीकर
खाद्य बंद केलं, गाळ काढला. काय वास होता विचारू नका! गड्याला रागावलो नाही, त्याच्याच हातात पाइप दिला. काल तीन मेले, आज एक.

अकोलेकर
उशिरा आलो. मी खारपाणपट्ट्यातला. आमचं भूजल खारट, त्यावर ना धड संत्रा ना धड तूर. हरियाणात रोहतककडे खाऱ्या भूजलात वेनामी जातीचा झिंगा करतात असं वाचलं. आमच्याकडे अमोनियाचा हाच त्रास होईल का?

गढूळ पाणी
करतात, रोहतकजवळ लाहलीला मत्स्य शिक्षण संस्थेचं केंद्रच आहे. पण खारं भूजल म्हणजे समुद्र नव्हे. बहुतेक ठिकाणी त्यात पोटॅशियम फार कमी असतं, पोटॅश घालावं लागतं. वर सांगितलेला पंप आठवा: पोटॅशियम आधीच कमी आणि त्याच्या जागेवर अमोनियम टपलेला. आधी पाण्याची पूर्ण तपासणी, मग स्वप्नं. आणि वेनामीला परवानग्या लागतात, उगाच कोणाकडून बी आणू नका.

कुहीकर (आठ दिवसांनी)
धागा वर काढतोय. दुपारचं मरण थांबलं. अमोनिया ०.५ वर आला. खाद्य ३ किलो, चेक ट्रेमध्ये (खाद्य खाल्लं का ते बघायच्या ताटलीत) उरलं की दुसऱ्या दिवशी कमी. पण आता परत पाच-सहा मेले, आणि या वेळी पहाटे! ऑक्सिजन मीटर मागून आणलं, ४ दाखवते. मग गुदमरतात कसे?

गढूळ पाणी
नायट्राइट मोजा.

कुहीकर
०.६. किटच्या कागदावर ‘१ पर्यंत चालेल’ लिहिलंय.

गढूळ पाणी
त्या कागदावर कुठेतरी बारीक अक्षरात असेल, आकडा नायट्राइटचा की नायट्राइटमधल्या नत्राचा. नत्राचा असेल तर ३.३ ने गुणा.

कुहीकर
नत्राचाच आहे. म्हणजे २.

गढूळ पाणी
हा पुढचा अंक, आणि ठरलेला. अमोनिया खाणारे जिवाणू कामाला लागले म्हणून अमोनिया उतरला. नायट्राइट खाणारे मागून येतात, वाढतातही सावकाश. मधल्या आठवड्यांत नायट्राइट साठतं. आधी बिघडलं म्हणून नाही, सुधारतंय म्हणून हे होतंय. झिंग्याला मात्र तो फरक कळत नाही.

नायट्राइट आत शिरतं क्लोराइडच्या दारानं. गोड्या पाण्यातला झिंगा कल्ल्यांनी क्लोराइड सारखा ओढत असतो, त्याच वाटेनं नायट्राइट घुसतं. झिंग्याचं रक्त आपल्यासारखं लोहाचं नाही, तांब्याचं आहे, म्हणून त्यात निळसर झाक असते. नायट्राइट साठलं की प्राणवायू वाहणारं हे तांब्याचं द्रव्य निकामी व्हायला लागतं. माशाचं रक्त नायट्राइटनं तपकिरी पडतं, कल्ले उघडले की कळतं. झिंग्यात तशी खूण दिसत नाही. मीटरवर ४ आहे, पण तो ४ उचलून न्यायला रक्तात हमाल कमी. पहाटे ऑक्सिजन तळाला असतो, तेव्हा जे आधीच कमजोर ते जातात.

चौकस
मग उपाय?

गढूळ पाणी
मीठ. जाडं, खाण्याचं किंवा गुरांचं. दारात क्लोराइडची गर्दी केली की नायट्राइटला शिरायला वाव मिळत नाही. समुद्राच्या पाण्यात नायट्राइट कमी बाधतं ते याचमुळे. अकोलेकर, खारपाणाचा हा एक फायदा.

मास्तर महालवाले
प्रमाण?

गढूळ पाणी
मत्स्यपालनात नायट्राइटच्या दहापट क्लोराइड धरतात. नियम माशांवरून आलाय, पण दार तेच आहे म्हणून झिंग्यालाही तिथून सुरुवात करते.

मास्तर महालवाले
२ च्या दहापट २० मिलिग्रॅम. मिठात क्लोराइड साठ टक्के, म्हणून लिटरमागे ३३ मिलिग्रॅम मीठ. १० लाख लिटरला ३३ किलो. विहिरीच्या पाण्यात मुळात क्लोराइड असेलच, ते मोजलं तर याहूनही कमी लागेल.

नांगरट
३३ किलो मीठ. ज्या दुकानदारानं चुना विकला त्याला हे सांगू नका, उद्यापासून ‘नायट्रो-क्लोर स्पेशल’ म्हणून पाकीट काढेल.

सावजी रस्सा
गूळ झाला, मीठ झालं. आता तिखट तेवढं राहिलं. मसाला मी आणतो.

गजाली
यात नारळाचं दूध घाला, मग बोला.

सावजी रस्सा
हा माणूस नागपुरात अकरा वर्षं राहून सुधारला नाही.

बांधावरचा ढिवर
कुहीकर भाऊ, एक विनंती. तो काढलेला गाळ आणि बदललेलं पाणी नाल्यात सोडू नका. खाली कोणाचा तरी तलाव आहे.

कुहीकर
नाही सोडलं दादा. पाणी कपाशीच्या रिकाम्या वावरात दिलं, गाळ खताच्या खड्ड्यात. मीठ परवा टाकलं, पोत्यात घालून, एरेटरसमोर बांधून. काल दोन, आज शून्य. मोठे निळ्या नांगीचे नर वेगळे काढून भोईपुऱ्यात पाठवतो आहे, बाकीचे महिनाभर ठेवतो.

मास्तर महालवाले
आज चारचा पीएच?

कुहीकर
८.४, मास्तर. आणि उन्हात उभा राहून मोजलाय, टोपी न घालता.

बेसा रोड
हिरवी जाळी घ्या म्हटलं होतं.